भंगाराच्या दुकानाला परवाना कोणाचा?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून असलेल्या मोकळ्या भूखंडावर भंगाराचे गोदाम सुरू झाले आहे. संध्याकाळी तारा जाळून त्यांतले तांबे काढले जाते, गॅस कटरने पत्रा कापला जातो आणि जुन्या टायरांचा ढीग उघड्यावर पडलेला असतो. विचारले की मालक गुमास्ता आणि जीएसटी क्रमांक दाखवतो आणि ‘सगळे कायदेशीर आहे’ असे सांगतो. महापालिकेत तोंडी तक्रार करून काही झाले नाही. पुढे काय करावे? (एक गृहिणी, महापालिका हद्दीतील उपनगर)

उत्तर : मालकाने आपल्याला दाखवलेल्या दोन कागदांपैकी एकही या धंद्याचा परवाना नाही. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्याखालील नोंद. तिचा संबंध कामगारांचे तास, सुट्या आणि सेवाशर्ती यांच्याशी आहे. कामगारांची संख्या कायद्यातील मर्यादेपेक्षा कमी असेल, तर नोंदणीऐवजी नुसती सूचना दिली तरी चालते. जीएसटी क्रमांक हा करापुरता असतो. त्या जागेवर भंगार साठवता येते का, तिथे आग पेटवता येते का, याबद्दल हे दोन्ही कागद काहीच सांगत नाहीत, आणि तरीही बहुतेक तक्रारदार हे कागद पाहून माघारी फिरतात, याची मला नेहमी खंत वाटते.

खरा परवाना महापालिकेचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 376 नुसार जीवित, आरोग्य किंवा मालमत्तेला धोका पोहोचवणारा अथवा उपद्रव करणारा व्यवसाय आयुक्तांच्या परवान्याशिवाय चालवता येत नाही. मुंबईत हेच काम 1888 च्या कायद्याचे कलम 394 करते. व्यवसाय मुळात निरुपद्रवी असला, पण तो ज्या पद्धतीने चालवला जातो त्यामुळे उपद्रव होत असेल, तरी तो या कलमाच्या कक्षेत येतो. सोसायटीच्या भिंतीलगत तारा जाळणे हे त्याचेच उदाहरण होय. शिवाय कलम 386 नुसार परवान्यावर मुदत आणि अटी लिहिलेल्या असतात व अट मोडली तर तो निलंबित किंवा रद्द करता येतो. म्हणून आपली तक्रार ‘गोदाम बंद करा’ अशी मोघम नसावी. परवाना आहे का, असल्यास त्याच्या अटी कोणत्या आणि त्यांतील कोणती मोडली जाते, हे तिच्यात नेमके विचारलेले असावे.

तारा जाळण्याचा मुद्दा सर्वांत वर लिहा. तारेवरचे आवरण सहसा पीव्हीसीचे असते आणि ते जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. त्यांचा पहिला त्रास ती तार हातात धरणाऱ्या मजुरालाच होतो. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली असून साध्या प्रकरणात 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली आहे. धूर निघत असतानाचे, तारीख आणि वेळ दिसेल असे छायाचित्र तक्रारीला जोडा.

टायरांकडे मात्र आरोग्य विभागाचे लक्ष वेधावे लागेल. डेंग्यू पसरवणारा एडिस डास टायरच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर अंडी घालतो. पाणी आटले तरी ती अंडी काही महिने तग धरतात आणि पुढच्या सरीने टायर भरला की आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. त्यामुळे फवारणी करून गेलेल्या पथकाने काम संपवले असे समजू नका; टायर छपराखाली ठेवणे किंवा ताडपत्रीने पाणी साचणार नाही असे झाकणे ही अट परवान्यातच घालून घ्यायला हवी. गॅस कटरची बाब अग्निशमन विभागाची. जिथे कापकाम चालते तिथून कागद, रेक्झिन, फोम आणि तेलाचे डबे दूर आहेत का, आणि गाडी आत जाईल एवढी वाट मोकळी आहे का, याची पाहणी करण्याची लेखी विनंती करा.

तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. क्षेत्रीय कार्यालयाच्या परवाना विभागाला अर्ज देऊन पोच घ्या. त्याचबरोबर माहिती अधिकाराखाली वेगळा अर्ज करून परवान्याची प्रत, अटी आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. राज्याच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा व त्याला 10 रुपयांचे शुल्क लागते. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. ‘परवाना दिलेला नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले, तर तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा. एवढ्यानेही हालचाल झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; लोकांच्या आरोग्याला बाधक असा व्यवसाय थांबवण्याचा, हलवण्याचा किंवा त्याचे नियमन करण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात.

एक विनंती मात्र करतो. गोदाम हटवा, ही पहिली मागणी ठेवू नका. आपल्या घरची रद्दी, बाटल्या आणि पत्र्याचे डबे कचरावेचक ज्या काट्यावर विकतात, तो काटा वस्तीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच लागतो. पाठीवर ओझे घेतलेल्या बाईला तो शहराबाहेर नेऊन परवडत नाही. पुण्यात 1993 पासून काम करणाऱ्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांच्या श्रमाला मान्यता मिळवून दिली, पण त्यांचा माल विकत घेणाऱ्या दुकानांसाठी विकास आराखड्यात जागा राखण्याचा विचार आपल्या शहरांनी फारसा केलेला नाही. वर्षानुवर्षे परवान्याचा प्रश्न लोंबकळत ठेवायचा आणि मग एके दिवशी सगळे जमीनदोस्त करायचे, हे फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी या भंगार गोदामांच्या भागात दिसले. तिथल्या आगी आणि धूर खरे होते, बांधकामे विनापरवाना होती हेही खरे. पण वेळच्या वेळी अटी घालून परवाने दिले असते किंवा ठामपणे नाकारले असते, तर प्रश्न त्या थराला गेला नसता.

प्रश्न : आमच्या गावात हायवेलगतच्या शेतात जुन्या गाड्यांचे भंगार ठेवले जात आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे म्हणतात. तो पुरतो का? (एक शेतकरी)

उत्तर : पुरत नाही. जमिनीचा वापर शेतीचा की बिगरशेतीचा, हे महसूल खात्याकडे तपासावे लागते, आणि गाव महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात असेल तर नियोजन प्राधिकरणाची परवानगीही लागते. इंजिनाचे तेल आणि बॅटरीतले आम्ल विहिरीकडे झिरपत असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवून पाण्याचा नमुना घेण्याची मागणी करा.

प्रश्न : वडिलांचे छोटे भंगार दुकान मी चालवतो. परवान्यासाठी अर्ज केला आहे. जुन्या दुचाकी, बॅटऱ्या आणि संगणक घेऊ का? पोलीस रजिस्टर मागतात, ते आवश्यक आहे का? (एक तरुण व्यावसायिक)

उत्तर : दुचाकी तोडण्यासाठी घेऊ नका. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे मुदत संपलेले वाहन नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रातच जायला हवे, आणि तेथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर मालकाची नोंदणी रद्द होते. त्याशिवाय तोडलेल्या गाडीचा चेसिस क्रमांक पुढे कुठल्या गुन्ह्यात सापडला, तर विचारणा आपल्याकडेच होईल. बॅटऱ्या गोळा करून 2022 च्या नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण उद्योगाला द्याव्यात. दुकानात फोडून शिसे वितळवणे मुळीच नको. संगणकांचेही तसेच.

रजिस्टर अवश्य ठेवा, पोलिसांनी मागो वा न मागो. विक्रेत्याचे नाव, ओळखपत्राची प्रत, मालाचे वर्णन, वजन आणि दिलेली रक्कम एवढे रकाने पुरेत. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि रेल्वेच्या मालासाठी 1966 चा स्वतंत्र, अधिक कडक कायदा आहे. रुळाची खिळपट्टी, गटाराचे झाकण, पाण्याच्या मीटरचे पितळ असा माल आला की भाव न विचारता परत करा. वजनाचा काटा दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळून मुद्रांकित करून घ्या; कचरावेचकांचा विश्वास त्यावरच टिकतो.

आणखी एक सावधगिरी. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेल्या एका जुन्या यंत्रातून कोबाल्ट-60 हे किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडले. ते काय आहे हे न कळल्याने कामगारांनी ते हाताळले आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा कारखान्याचा माल घेताना तो किरणोत्सारी नसल्याचे लेखी घ्या. आकाराच्या मानाने फार जड, शिशाच्या आवरणाचे किंवा पिवळ्यावर तीन पात्यांचे चिन्ह असलेले भांडे दिसले, तर ते न कापता, माणसांना दूर करून लगेच 112 वर कळवा, आणि हे चिन्ह कामावरच्या प्रत्येकाला ओळखता येईल असे दुकानात छापून लावा.