स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यातली ‘नोव्होडेमस’ सनद म्हणजे काय?

लॅटिनमध्ये अर्थ ‘आम्ही नव्याने देतो’. जमीन ज्याच्या ताब्यात आधीच आहे, त्यालाच त्याचा वरिष्ठ सरंजामदार ती पुन्हा बहाल करायचा. दिलेलीच जमीन परत कशाला द्यायची, असं वाटेल. पण जुन्या सनदेत दोष निघाला, कागद हरवले, किंवा वार्षिक देणं आणि अटी बदलायच्या असल्या की हीच वाट धरावी लागे. एरवी वारसाला मिळणारी सनद फक्त जुना हक्क पुढे चालवायची. ‘नोव्होडेमस’चं वजन मात्र थेट मूळ दानाइतकं, खरी गंमत तिथेच आहे! २८ नोव्हेंबर २००४ला तिथली सरंजामी जमीनधारणाच संपली, त्यामुळे आता त्या अर्थाने पुन्हा बहाल करणारा वरिष्ठच उरलेला नाही.