डायलॉग कुजबुजीत, म्युझिक शेजाऱ्यांपर्यंत: बेडरूममधल्या टीव्हीचं काय करायचं?

या वेळी टीव्हीच्या आवाजाचे बरेच प्रश्न आलेत आणि सगळ्यांचं दुखणं साधारण एकच आहे, म्हणून एकत्रच घेतोय.

प्रश्न: आमची बेडरूम १० बाय १० ची. ३२ इंची टीव्ही भिंतीला लावलाय, पंखा कायम चालू. बातम्या नीट ऐकू येतात पण सिनेमा किंवा वेबसिरीज लावली की कोण काय बोललं तेच कळत नाही, आवाज वाढवावा तर लगेच मारामारी सुरू होते आणि पलीकडच्या खोलीतून सासूबाईंची हाक येते. मिस्टर म्हणतात साउंडबार घेऊया, दुकानदार आठ हजाराच्या खाली बोलतच नाही. माझं बजेट फार तर तीन हजार. काय घेऊ?
— वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी काहीच घेऊ नका, रिमोट हातात घ्या.

हल्लीचे टीव्ही इतके पातळ झालेत की समोरच्या बाजूला स्पीकरला जागाच उरली नाही, त्यामुळे ते खालच्या कडेला जमिनीकडे तोंड करून नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे कोणीतरी तुमच्याकडे पाठ करून बोलतंय आणि तुम्ही भिंतीवरून परत येणारा आवाज ऐकताय. बातम्यांत एकटा माणूस माइकसमोर स्पष्ट बोलतो म्हणून चालून जातं. सिनेमात त्याच बोलण्याखाली म्युझिक असतं, पाऊस असतो, गाड्या असतात.

त्यात ओटीटीवर बऱ्याचदा ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरसाठी बनवलेला ट्रॅक आपोआप लागतो. त्यात बोलणं मुख्यतः मधल्या सेंटर स्पीकरसाठी वेगळं ठेवलेलं असतं, तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाहीच, मग सहा चॅनलचा आवाज दोनात कोंबला जातो आणि त्यात पहिला बळी डायलॉगचा जातो. म्हणून ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत जाऊन ज्या भाषेपुढे ५.१ लिहिलेलं नाही ती निवडा. नुसत्या एवढ्यानेही कधीकधी बराच फरक पडतो.

मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये सराउंड, व्हर्च्युअल, थ्रीडी असलं जे काही असेल ते बंद करा. 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'न्यूज' असा मोड असेल तर तो लावा, नसेल तर स्टँडर्डवर ठेवून बेस (जाड, घुमणारा आवाज) दोनचार घर खाली आणि ट्रेबल (बारीक, तीक्ष्ण आवाज) तेवढाच वर. आवाजाचा जोर स्वरांत असतो पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि स, श, च यांची सळसळ वरच्या पट्टीत, साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढे असते. पंख्याची सरसर तीच झाकते. मग हिरो 'पास' म्हणाला का 'पाच' म्हणाला ते कळत नाही आणि आपण उगाच अख्खा व्हॉल्यूम वाढवतो, सोबत बेसही वाढतो, तो भिंतीतून थेट सासूबाईंकडे. सिनेमापुरता पंखा एक नंबर कमी करून बघा, फुकट आहे.

आणि तुमच्या मारामारीच्या सीनसाठी 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' चालू करा. मोठे आवाज दाबले जातात, बारीक आवाज थोडे वर येतात. होम थिएटरवाले लोक याला नाकं मुरडतात, मुरडू देत, त्यांच्या सासूबाई बहुतेक दुसऱ्या गावाला असतात.

हे सगळं करून आठवडाभर बघा. तरी समाधान नसेल तर मग खर्च करा, पण साउंडबारवर नको. तीन हजाराच्या आतल्या बऱ्याच साउंडबारमध्ये लांबट प्लास्टिकच्या डब्यात टीव्हीसारखेच छोटे स्पीकर असतात, फक्त तोंड पुढे. त्यापेक्षा कॉम्प्युटरसाठी मिळतात ते दोन छोटे पॉवर्ड स्पीकर (आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेले) घ्या, क्रिएटिव्ह कंपनीच्या पेबलसारखे, दोन हजाराच्या आगेमागे मिळतात, त्यांची तोंडं वर कानाकडे तिरकी केलेली असतात. टीव्हीच्या खाली ड्रेसिंग टेबल किंवा फळी असेल तिच्यावर दोन बाजूंना ठेवा, दोघांची तोंडं उशीकडे. टीव्हीला इयरफोनची पिन असेल तर सरळ जोडा. नसेल आणि ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या वायरने डिजिटल आवाज बाहेर देणारं भोक) असेल तर ऑप्टिकलचं ॲनालॉग करणारी डबी मिळते, काही शे रुपयांत काम होतं, फक्त ती जोडल्यावर टीव्हीत डिजिटल ऑडिओ 'पीसीएम'वर (साध्या, न दाबलेल्या आवाजावर) ठेवायला विसरू नका नाहीतर नुसती शांतता ऐकू येईल. स्पीकरला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून दिली आणि किरकिर आली तर मोबाईलच्या चार्जरवर लावा.

दुकानदार वॅट सांगायला लागला की 'आरएमएस किती?' एवढंच विचारा, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती खरी ताकद. पीएमपीओ नावाचा जो हजारोंचा आकडा खोक्यावर असतो त्याला काही अर्थ नाही. १० बाय १० च्या खोलीत खरे पाच-दहा वॅट पुरून उरतात.

प्रश्न: मागच्या महिन्यात सबवूफरवाला (नुसत्या बेसचा वेगळा डबा असलेला) साउंडबार घेतला. बेडरूमच्या कोपऱ्यात, स्टीलच्या कपाटाशेजारी सबवूफर ठेवलाय. गाणं लागलं की कपाट गुंईईई करतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा बोलून दाखवलं. साउंडबार खराब निघाला का?
— वाचक, नाशिक

उत्तर: साउंडबार बरा असावा, जागा चुकली. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात. वर छोट्या खोलीचा स्वतःचा एक सूर असतो: दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर, एवढ्या अंतराला ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये घुमतो. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तोच सूर घुमतो, म्हणजे डबल त्रास. गाण्यात नेमका तो सूर आला की कपाटाचा पत्रा नाचतो.

उपाय जरा हास्यास्पद वाटेल, पण सबवूफर तुम्ही जिथे झोपून टीव्ही बघता तिथे, उशीच्या जागी ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि खोलीत खाली वाकून भिंतीकडेने फिरा. जिथे बेस घट्ट आणि मोजका ऐकू येईल, घुमणार नाही, तिथे सबवूफर कायमचा ठेवायचा. घरात पाहुणे नसताना करा. मग त्याच्याखाली जुनी योगा मॅट चौघडी करून घाला आणि त्याचा व्हॉल्यूम आत्ता आहे त्याच्या निम्म्यावर आणा. कपाटाचं म्हणाल तर दारांच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवा आणि वरचे रिकामे डबे आधी खाली काढा, निम्मा गुंईईई त्यांचाच असतो. कपाटावर बॅगाच ठेवायच्या असतील तर कापडी ठेवा, भरलेल्या.

काकांसाठी रात्री दहानंतर सबवूफर सरळ बंद. जाड भिंत असो की स्लॅब, बेस अडत नाही.

प्रश्न: घरात ब्लूटूथ स्पीकर पडून होता तो टीव्हीला जोडला, आवाज मस्त येतो पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.
— वाचक, सांगली

उत्तर: ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पॅक करतात, पाठवतात, पलीकडे उघडतात. त्यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो आणि तेवढं डोळ्याला कळतं. टीव्हीतल्या 'एव्ही सिंक'ने बहुतेक वेळा आवाज अजून मागे नेता येतो, पुढे आणता येत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. स्पीकरला ऑक्सचं (इयरफोनच्या पिनसारखं, वायरने आवाज आत घेणारं) भोक असेल तर दीडशे रुपयांची वायर घ्या. नसेल तर तो स्पीकर गाण्यांसाठीच ठेवा.

प्रश्न: बाबा ७६ वर्षांचे, त्यांच्या खोलीतला टीव्ही एवढा मोठा असतो की मुलांना अभ्यास करता येत नाही. कमी केला की चिडतात.
— वाचक, ठाणे

उत्तर: वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, म्हणजे नेमकी ती स, श, च ची सळसळ. त्यांना आवाज येतो, शब्द येत नाही, म्हणून वाढवतात. आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, कानाच्या डॉक्टरांकडे होते, किंवा बांद्रा रेक्लेमेशनला अली यावर जंग ही कानाच्या-वाचेच्या तपासणीची केंद्र सरकारची संस्था आहे, ठाण्याहून लांब नाही.

तोवर कानावर बसणारा वायरचा हेडफोन आणि पाच मीटरची एक्स्टेंशन वायर. ब्लूटूथ नको, चार्जिंग आणि पेअरिंगवरून रोज तुम्हालाच हाक येईल. बऱ्याच टीव्हीत पिन लावली की टीव्हीचा आवाज बंद होतो, तेव्हा आई सोबत बघत असतील तर आधी सेटिंगमध्ये दोन्ही एकदम चालू राहतात का ते बघा. श्रवणयंत्र घ्यायची वेळ आलीच तर टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पाठवणारी डबी त्याला लागते का, हे घेतानाच विचारा.

प्रश्न: साउंडबार एचडीएमआयने जोडला, आवाजच येत नाही.
— वाचक, सोलापूर

उत्तर: टीव्हीच्या ज्या भोकावर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारला देणारी सोय) लिहिलंय त्यातच वायर गेलीय का बघा, बाकीच्यातून आवाज बाहेर येत नाही. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवू शकतात ती सोय, चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव ठेवलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो.

प्रश्न: सिरीयल हळू आणि जाहिरात बोंबलत, यावर काही कायदा नाही का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर: आहे की. १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं लिहिलंय. तुमच्या हातात मात्र वर सांगितलेला ऑटो व्हॉल्यूम आहे, आणि रिमोटवरचं म्यूटचं बटण.