मुलासाठी पहिली क्लॅरिनेट घेताना

आधी मुलाचा हात बघा. बोटांच्या मऊ पेरांनी सगळी भोकं पूर्ण झाकली जातात का? जराशी फट राहिली तरी सूर किंचाळतो आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. हे फार वाईट वाटतं हो, म्हणून घाई नको. पुढचे पक्के दातही आलेले असावेत. हात लहानच असेल तर आखूड 'सी' सुराची क्लॅरिनेट चालते, नाहीतर नेहमीची बी फ्लॅट सुराचीच घ्या.

लाकडी वाद्याचा मोह आत्ता नको. मूल ते ओलंच पेटीत ठेवणार आणि लाकूड तडकणार. यामाहा २५५ सारखी एबीएस प्लास्टिकची क्लॅरिनेट सुरुवातीची कितीतरी वर्षं छान साथ देते.

जुनी घेत असाल तर एवढं कराच. वरचा भाग सुटा करा, अंगठ्याच्या भोकासकट सगळी भोकं बंद करा, खालचं टोक तळव्याने दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ क्षणभर टिकली पाहिजे. हवा आत येत राहिली, तर बहुतेक पॅड, म्हणजे किल्ल्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या, गळतायत. मी एकदा हे न बघता घेतली आणि शिकणाऱ्या पोराचे दोन महिने वाया गेले. अजून हळहळ वाटते.

रीड, म्हणजे तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी, दीड किंवा दोन नंबरची (नंबर जितका कमी तितकी मऊ), तीन-चार आलटून पालटून वापरायला. आणि गळ्यातला पट्टा नक्की घ्या, सगळं वजन उजव्या अंगठ्यावर येतं.