अलॉय व्हील चोरीला जाऊ नयेत म्हणून लॉक नट बसवावेत का? त्यांचा खरंच उपयोग होतो का?

तुमची गाडी रात्री उघड्यावर उभी असते आणि जवळच्याच एका गाडीची चारही चाकं एका रात्रीत गेली, असं तुम्ही लिहिलंय. काळजी अगदी रास्त आहे. लॉक नट जरूर बसवा. मात्र नटाचं माप चुकलं किंवा चावी नीट सांभाळली नाही, तर चोराच्या आधी तुम्हीच अडकाल.

साधा नट सहा बाजूंचा असतो. जॅक आणि कुठेही मिळणारा पाना एवढ्यावर चाक निघतं. लॉक नटाचं डोकं गोल असतं आणि त्यावर वेडीवाकडी खाच कोरलेली असते. त्या खाचेशी जुळणारी चावी, म्हणजे एक छोटं सॉकेट (नटावर बसणारं पान्याचं टोक), मध्ये बसवल्याशिवाय पान्याला पकडच मिळत नाही. एका चाकाला असा एकच नट पुरतो, म्हणून सेटमध्ये सहसा चार नट आणि एक चावी येते.

यामुळे चोरी अशक्य होते असं मात्र नाही. किंचित लहान मापाचं सॉकेट हातोडीने नटावर ठोकून बसवायचं आणि नट फिरवायचा, ही चोरांची जुनी युक्ती आहे. म्हणून डोक्याभोवती सुटी फिरणारी कडी असलेले नट घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. त्यावर सॉकेट ठोकलं तर कडी नुसती गरगरते, आतला नट हलत नाही. धातूही कडक केलेलं पोलाद हवं. मऊ धातूच्या नटावर सॉकेट सहज रुतून बसतं. चांगल्या नटाशी झटापट करायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोराला नेमकं हेच नको असतं.

आता माप. इथे चूक झाली तर प्रश्न चोरीचा राहत नाही, जिवाचा होतो. आधी बघा की तुमच्या गाडीला स्टडवर, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या भागातून) बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर, नट आहेत की थेट हबमध्ये जाणारे बोल्ट. मग आटे: एम १२ × १.५, एम १२ × १.२५ आणि एम १४ × १.५ ही नेहमी दिसणारी मापं (पहिला आकडा जाडीचा, दुसरा दोन आट्यांमधल्या अंतराचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये). पहिली दोन दिसायला सारखीच, पण एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर जबरदस्तीने चढवला तर आटे खराब होतात. तिसरी गोष्ट बैठकीची, म्हणजे नट रिमला जिथे टेकतो त्या भागाची. ती ६० अंशांच्या शंकूसारखी, चेंडूसारखी गोलाकार किंवा वॉशरसह सपाट असते. गोलाकार बैठकीच्या रिमवर शंकूचा नट लावला, तर तो बारीकशा कडेवरच टेकतो आणि चालत्या गाडीत सैल होऊ शकतो. कंपनीचे रिम काढून बाहेरचे लावले असतील तर बैठक नव्याने तपासा.

बसवताना नट आधी हाताने फिरवा. एम १२ × १.५ ला साधारण आठ फेरे आटे धरले पाहिजेत. मग टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, नाहीतर त्याच आकड्याला स्टड किंवा बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या.

लॉक नटावर हवेची गन चालवू देऊ नका. चावीचे दात बारीक असतात, गनच्या झटक्याने तुटतात, आणि मग नट ठोकून किंवा एक्स्ट्रॅक्टरने (अडकलेला नट काढायच्या खास सॉकेटने) काढावा लागतो. सर्व्हिसिंगला गाडी देताना हे तोंडी सांगा आणि परत घेताना चावी मिळाली का ते तिथेच बघा. चाव्या बहुतेकदा अशाच टायरच्या दुकानात राहून जातात आणि मालकाला ते रस्त्यात पंक्चर झाल्यावर कळतं.

चावी गाडीतच ठेवावी लागते, पण ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा जॅकशेजारी नको. काच फोडणारा पहिल्यांदा तिथेच हात घालतो. चावीवर किंवा सोबतच्या कार्डावर कोड असतो. कार्ड घरी ठेवा, कोडचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दुसरी चावी आताच मागवून ठेवा. जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी चावी मागा.

याच्या जोडीला, गाडी उचलली किंवा कलली की वाजणारा अलार्म असेल तर फार उत्तम. साध्या लोखंडी रिमसाठी मी एवढा खर्च करणार नाही. पण तुमची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकत असेल, तर तिचं कुलूप वेगळं मिळतं, ते नक्की घ्या. चाकांना लावलेले लॉक नट तिच्या उपयोगाचे नाहीत.