आधी जागा, मग बोट

छत्रपती संभाजीनगर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हॉलंडात घरच्यांसाठी बोट घ्यायची म्हणून तू पाठवलेल्या तिन्ही बोटींच्या जाहिराती नीट वाचल्या. एकही टाकाऊ नाही. पण एवढ्या लांबलचक मेलमध्ये बोट ठेवणार कुठं, याबद्दल एकच ओळ आहे, आणि तीही "क्रोएशियात स्वस्त पडतं म्हणतात" अशी. गोठ्याचा पत्ता नाही आणि तू म्हैस बघायला बाजारात उभा! म्हणून आधी जागेचं बोलू.

जहाजांवरची नोकरी सोडल्यावर मी हॉलंडमध्ये लहान बोटींच्या यार्डात बरीच वर्षं काढली, हे तुला ठाऊक आहे. हिवाळ्यासाठी बोटी वर काढताना प्रत्येक इंजिनाचे तास वहीत लिहायचे, हे माझं काम. मालकाचं घर अर्ध्या तासावर असेल तर तास भरपूर वाढलेले असायचे. दोन तासांवर असेल तर पहिल्या उन्हाळ्यात बरे, दुसऱ्यात थोडे, आणि मग बोटीवर विक्रीची पाटी. तुम्ही दोघंही नोकरीवाले, लेकरं लहान. शनिवारी सकाळी ऊन पडलेलं बघून दहा वाजता निघालात आणि जेवायच्या आत पाण्यावर असलात, तरच बोट वापरात राहील.

क्रोएशियाचं पाणी देखणं आहे, त्यात वाद नाही. 2023 च्या जानेवारीपासून तिथं युरो चालतो, शेंगेनमुळं पासपोर्टाची रांगही गेली, म्हणून तो देश तुला शेजारचा वाटायला लागलाय. पण थंडीत वेलेबिट डोंगरावरून बुरा नावाचा वारा खाली कोसळतो, तेव्हा तू हॉलंडात, ॲमस्टलव्हेनमध्ये ऑफिसात असणार. दोर घासून तुटायला आला, पंपाची बॅटरी उतरली, तर बघायला कोण जाणार? त्यासाठी तिथं पगारी माणूस ठेवावा लागेल, म्हणजे स्वस्ताई तिथंच संपली. तिकडची हौस असेल तर उन्हाळ्यात आठवडाभर भाड्यानं बोट घ्या, आणि परवाना नाही तोवर तिथला चालकही सोबत घ्या.

तुझ्या घरापासून वेस्टआइंडरची तळी सायकलच्या अंतरावर आहेत. आल्समेअरचा फुलांचा लिलाव बघायला तुम्ही तुझ्या वडिलांना, अप्पांना, नेलं होतं, तेच गाव. त्या तळ्यांतून रिंगफार्ट कालव्यानं एका बाजूला कागच्या तळ्यांपर्यंत जाता येतं, दुसऱ्या बाजूला न्यूवे मेअरवरून थेट ॲमस्टरडॅममध्ये. हा कालवा मुळात हार्लेममेअर नावाचं मोठं सरोवर उपसून कोरडं करायला त्याच्याभोवती खणलेला. 1852 पर्यंत वाफेच्या पंपांनी सरोवर रिकामं केलं, आणि आज त्याच्या तळावर स्किपोलचा विमानतळ आहे. आपली हयात पाणी अडवण्यात गेली, त्यांची काढून टाकण्यात! असो. तुझ्या कामाची गोष्ट ही, की तिथं भरती-ओहोटी नाही, लाट मोठी नाही, आणि चुकलास तरी काठ जवळ आहे. पहिली दोन-तीन वर्षं शिकायला एवढं पाणी पुष्कळ झालं.

जागा बघायला ऊन असलेल्या रविवारी जाऊ नको, वाऱ्याच्या दिवशी जा. हॉलंडात वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, म्हणजे लाट तळ्याच्या ईशान्य काठावर आपटते. आल्समेअर त्याच बाजूला आहे. म्हणून बेटांच्या आडोशाला किंवा आत वळलेल्या खाडीतली जागा बघ, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. तिथं बोट बहुधा चार खुंटांच्या चौकटीत लावतात. त्या चौकटीची रुंदी स्वतः टेप लावून मोज, बोटीच्या बाजूंना लटकवायचे फेंडर धरून. करार बहुतेक ठिकाणी एप्रिल ते ऑक्टोबरचा असतो, हिवाळ्याचं वेगळं ठरवावं लागतं. चांगल्या बंदरांत प्रतीक्षायादी असते, म्हणून आजच दोन-तीन ठिकाणी नाव घाल. "बोटीबरोबर जागाही मिळेल" असं विकणारा हमखास म्हणतो. ते बंदराच्या कचेरीतून लेखी आल्याशिवाय धरू नको. बंदरवाले दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही मागतील, त्याचा कागद तयार ठेव.

जागा ठरली की बोटीचा अर्धा निर्णय आपोआप होतो. तुला सगळ्यात आवडलेली ती साडेसहा मीटरची उघडी बोट, मागं 150 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. दिसायला झकास. पण तुझ्या घराभोवतीच्या कितीतरी कालव्यांत वेगाची मर्यादा ताशी 6 किंवा 9 किलोमीटर आहे. ताशी 20 किलोमीटरच्या वर जाऊ शकणाऱ्या बोटीला परवाना लागतो, आरडीडब्ल्यू या डच वाहन-नोंदणी खात्याकडं नोंदणी लागते, नंबर बोटीवर लावावा लागतो. एवढं करून ती पळवायची कुठं, तर ठरावीक पट्ट्यात. पेट्रोलचा खर्च वेगळा: 100 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण वेगात तासाला 35 ते 40 लिटर सहज पितं, तुझं त्याच्या दीडपट. शिवाय पाऊस आला की लपायला छप्पर नाही, आणि हॉलंडात पाऊस येतोच.

ब्रिटनमधली ती स्वस्त केबिनवाली बोट तर सोडूनच दे. ब्रेक्झिटनंतर तिथली बोट आणणं म्हणजे परदेशी माल आयात करणं. डच व्हॅट 21 टक्के, त्यावर सीई या युरोपीय सुरक्षा-मानकाच्या प्रमाणपत्राची कटकट, आणि वाहतूक. जाहिरातीतली किंमत तुझी किंमत नाही.

राहिली ती नऊ मीटरची जुनी पोलादी डिझेल बोट. तुझ्या बायकोला ती म्हातारी वाटते, आणि आहेच. पण माझं मत तिच्या बाजूनं. अशी बोट पाणी कापत हळू चालते, पाण्यावर उठून पळत नाही, आणि तिच्या वेगाला तिच्या लांबीचाच लगाम असतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घे, तिचं वर्गमूळ काढ, 1.34 नं गुण, की नॉटमधला वेग मिळतो. पूर्ण नऊ मीटर धरले तरी साडेएकोणतीस फूट, उत्तर येतं सव्वासात नॉट, म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटर. इंजिन दुप्पट मोठं बसवलंस तरी फारसा फरक पडणार नाही. पंधरा मीटरपेक्षा आखूड आणि 20 किलोमीटरच्या आतली, म्हणून हॉलंडात तिला परवानाही लागत नाही. तरी तू अभ्यास करून परवाना घेच. वीस मीटरपेक्षा लहान बोटीनं मोठ्या मालवाहू बोटीला वाट द्यायची असते, अरुंद पाण्यात उजवीकडनं चालायचं असतं, हे परीक्षेच्या निमित्तानं डोक्यात पक्कं बसतं.

डिझेलचं आणखी एक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचते आणि ठिणगीची वाट बघते. म्हणून आत पेट्रोल इंजिन असलेल्या बोटीत सुरू करण्याआधी चार-पाच मिनिटं पंखा लावून ती वाफ बाहेर काढावी लागते, दर वेळी, न चुकता. लेकरं "चला ना बाबा" म्हणून ओरडत असताना ही शिस्त रोज पाळली जाईल, असं मी धरून चालत नाही. डिझेलला ही भीती फार कमी. स्वयंपाकाच्या गॅसला मात्र तोच नियम: सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याचं भोक बाहेर पाण्याच्या बाजूला उघडणारं हवं. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशी बसव.

आता घरच्यांचं. तुझ्या आईचे गुडघे मला माहीत आहेत. नऊवारी-पाचवारी काहीही नेसून त्या धक्क्यावरून बोटीत कशा उतरतील, हे तू बोट बघायला जाशील तेव्हा स्वतः करून बघ: एका हातात पिशवी, दुसरा हात कठड्याला, पाय किती उचलावा लागतो. बाजूनं चालायची पट्टी पाऊलभर तरी रुंद असावी, कठडा गुडघ्याच्या वर यावा. संडास कुठं आहे आणि त्याला मैल्याची टाकी आहे का, हे विचारायला लाजू नको. 2009 पासून तिथं हौशी बोटींना मैला पाण्यात सोडायला बंदी आहे, आणि जुन्या बोटीत टाकी नंतर बसवणं खर्चिक. पुलाखालून जायची उंचीही मोज. अडीच मीटरच्या आत बसली तर कितीतरी पुलांपाशी थांबावं लागणार नाही. एरवी पूल उघडायची वाट बघावी लागते, आणि गर्दीच्या वेळी बरेच पूल उघडतच नाहीत.

तू आणि मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली माणसं, त्यामुळं पाण्याची भीड आपल्याला कमी. तीच तिथं घातक. एप्रिलमधल्या गोड उन्हात पाणी 10 अंशांच्या आसपास असतं, अंगाला लागताच श्वास अडकतो आणि चांगला पोहणाराही गटांगळी खातो. थोरलीला शाळेकडून पोहण्याचा ए डिप्लोमा मिळाला म्हणालास, छान झालं, पण डेकवर जाकीट राहणारच. मुलांना 100 न्यूटनचं (हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप), मानेमागं कॉलर असलेलं, दोन्ही पायांमधून पट्टा जाणारं जाकीट घे. पट्टा नसेल तर लेकरू पाण्यात आणि जाकीट डोक्यावर अशी गत होते. 50 न्यूटनची स्वस्त जाकिटं पोहता येणाऱ्यांसाठी असतात. नियम मोठ्यांनाही लाव, म्हणजे मुलांशी वाद नाही. आणि बिअरचं: तिथं पाण्यावरही रक्तातल्या दारूची मर्यादा रस्त्याएवढीच आहे.

पुढं कधी आयसलमेअरवर जायचं मनात येईल. 1932 मध्ये बांध घालून समुद्रापासून तोडलेलं ते पाणी सुमारे 1100 चौरस किलोमीटर आहे, आपला नाथसागर पूर्ण भरला की साधारण 350. पैठणला जोराचा वारा सुटला की उथळ पाण्यात लाट कशी आखूड, उभी आणि लागोपाठ येते, ते तू धरणावरून पाहिलंस. तिथं तेच, फक्त तिप्पट पसाऱ्यावर. 1998 च्या जूननंतरच्या बोटींवर सीईची पाटी असते, तीत किती माणसं, किती वजन आणि कोणता वर्ग ते लिहिलेलं असतं. डी वर्ग आडोशाच्या पाण्याचा. सी वर्ग वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापावर सहाच्या वाऱ्यापर्यंत आणि दोन मीटर लाटेपर्यंत. त्या मोठ्या पाण्यावर सीच्या खाली नको, आणि पहिल्या वर्षी चारच्या वर वारा असेल तर निघूच नको. तुझी बोट त्याआधीची निघाली तर पाटी नसेल, मग बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला, सर्व्हेअरला, स्पष्ट विचार.

सर्व्हेअरशिवाय सौदा करू नको. करारात "पाहणी समाधानकारक आली तरच" हे वाक्य हवं. हिस्वा (आता हिस्वा-रेक्रॉन) या डच बोट-व्यावसायिकांच्या संघटनेचा तयार मसुदा मिळतो, तो वापर. बोट पाण्याबाहेर काढूनच पाहणी. पोलादाची जाडी अल्ट्रासाउंडनं ठिकठिकाणी मोजायला सांग. पोलाद बहुतेक वेळा आतून गंजतं, बाहेरून रंग चकचकीत असतो, म्हणून फळ्या उचलून बिल्जमध्ये स्वतः टॉर्च मार. गोड्या पाण्यात गंज स्वतःवर घेणाऱ्या पट्ट्या मॅग्नेशियमच्या हव्यात, जस्ताच्या खाऱ्या पाण्यासाठी. इंजिन तू पोचण्याआधी कोणी गरम करून ठेवलेलं नसावं. थंड इंजिन सुरू होताना धूर कसा येतो आणि किती वेळ राहतो, त्यात बरंच कळतं. मला त्याचा व्हिडिओ पाठव, आवाजासकट.

खर्चाचं अप्पांनी फोनवर विचारलं. तुला सांगतो तेच त्यांना सांगितलं: वर्षाला बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा बाजूला ठेव, जागा, विमा, दुरुस्ती मिळून. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते दिवस घागरी मोजून काढलेला माणूस आहे तो. पोरगा बोट घेतो म्हटल्यावर पहिलं वाक्य "तेवढ्यात औशाकडं जमीन आली असती" असंच निघणार. मनावर घेऊ नको. जूनमध्ये ते दोघं आले की त्यांना सुकाणूला बसव.

थंडीआधी इंजिनातलं थंडावा देणारं पाणी काढून अँटीफ्रीझ भरायचं, नाहीतर गोठलेलं पाणी फुगून ब्लॉक फोडतं. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा दरवर्षी बदल. पाणवनस्पती अडकून पाणी येणं थांबलं तर हाच पंखा आधी जळतो. गोदावरीतली जलपर्णी तू पाहिलीस, तिथल्या तळ्यांतही उन्हाळ्यात असाच वैताग असतो. इंधनाचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा शिल्लक.

आता ऑक्टोबर चाललाय. या दिवसांत विकणारे हिवाळ्याचं भाडं वाचवायला घाईला येतात, भाव करायला हीच वेळ. पण आधी बंदरांचे फोन कर. कोणत्या दोन ठिकाणी नाव घातलंस ते कळव, नकाशावर वाऱ्याची बाजू बघून सांगतो. सर्व्हेअरचा अहवाल आला की पहिल्यांदा जाडीच्या आकड्यांचं पान पाठव, बाकीचं सावकाश आलं तरी चालेल.

तुझा,
नानाकाका