लेकीला नॅनोमटेरिअल्समध्ये जायचंय: इंदूरच्या एका आईच्या पत्राला उत्तर

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका आईचं पत्र आलं आहे. लेक होळकर विज्ञान महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. विज्ञान दिनाच्या सुमारास ती ‘कॅट’ हे इंदूरचं संशोधन केंद्र पाहून आली आणि तेव्हापासून सेन्सरसाठी लागणारे नॅनोपदार्थ, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ, बनवायचे, तपासायचे, हेच तिच्या डोक्यात आहे. वडिलांचं म्हणणं, एमसीए (संगणकाची पदव्युत्तर पदवी) कर, चार वर्षांत हातात पगार येईल. दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं ‘एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजी’चं माहितीपत्रकही घरी आलं आहे; फी काही लाख आणि नोकरीची शंभर टक्के हमी. आई विचारतात: यात पोटापाण्याचं काय? ही पदवी घ्यावी का? ते बारीक कण नाकातोंडात गेले तर? आणि शेवटी, ‘ती म्हणते, कोविडच्या किटवरची लाल रेघ सोन्याची असते. खरं का हो?’

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमच्या लेकीला कशानं ओढ लावली आहे ते त्यातच आहे. हो, खरं आहे. अशा बहुतेक किटमध्ये सोन्याचे कण असतात, साधारण ४० नॅनोमीटरचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोनं इतकं बारीक झालं की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून ते लाल दिसतं. त्या कणांना प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला नेमकं ओळखून धरणारी प्रथिनं, चिकटवलेली असतात. नमुन्यात विषाणूचं प्रथिन असेल तर कण त्याला धरून पट्टीवरून पुढे सरकतात आणि ठरलेल्या जागी अडकतात. पुरेसे कण जमले की रेघ दिसते. गरोदरपणाच्या किटमध्येही हीच युक्ती असते.

दुसरं उदाहरण गॅसगळतीचा इशारा देणाऱ्या यंत्राचं. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये कथिलाच्या ऑक्साइडवर चालणाऱ्या गॅस सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजही घरगुती गॅस अलार्ममध्ये हा पदार्थ वापरला जातो. तो दोन-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि पदार्थातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विजेला होणारा रोध वाढतो. एलपीजी आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध खाली येतो आणि भोंगा वाजतो. सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे. म्हणून कण जितका लहान, तितका त्याचा जास्त भाग कामाला लागतो. कणाचा आकार सुमारे ६ नॅनोमीटरपर्यंत आला की संवेदनक्षमता झपाट्यानं वाढते, हे जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं.

आता रोजचं काम कसं असतं ते सांगते, कारण मुलांना चकाकती यंत्रं दिसतात, दिवस दिसत नाही. झिंक ऑक्साइडच्या नॅनोकांड्या घ्या. काचेची पट्टी साबणानं, मग ॲसिटोननं धुवायची. तिच्यावर आधी बियांसारखा एक पातळ थर द्यायचा. झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइनचं द्रावण बाटलीत घेऊन त्यात ती पट्टी थर खाली करून ठेवायची. थर वर केला तर द्रावणातला गाळ तिच्यावर बसतो आणि सॅम्पल फुकट जातं. मग काही तास ९० अंशांच्या ओव्हनमध्ये. बाहेर काढल्यावर काचेवर फक्त पांढुरकी झाक दिसते. ती पट्टी धुवून, भट्टीत तापवून एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणाऱ्या यंत्राला, द्यायची. आलेखात ३६.३ अंशांजवळचं शिखर ०.४ अंश रुंद आलं, तर शेररच्या सूत्रानं स्फटिकाचा आकार सुमारे २१ नॅनोमीटर निघतो. शिखराच्या रुंदीतून यंत्रामुळे आलेली रुंदी आधी वजा करायला विसरलं की उत्तर चुकतं. मग चांदीच्या पेस्टनं दोन तारा जोडायच्या, पट्टी तापवायची, बंद डब्यात सिरिंजनं ठरलेलं अल्कोहोल सोडायचं आणि रोध किती खाली येतो, किती सेकंदात येतो, हवा दिल्यावर परत मूळ जागी जातो का, ते टिपत बसायचं.

इथे खरी परीक्षा सुरू होते. एप्रिलच्या कोरड्या हवेत सुरेख चाललेला सेन्सर इंदूरच्या जुलैमध्ये वेगळं रिडिंग देऊ लागतो, कारण हवेतली वाफही त्याच पृष्ठभागावर जाऊन बसते. अल्कोहोलला प्रतिसाद देणारा सेन्सर ॲसिटोनलाही देतो. महिन्याभरानं मूळ रोधच सरकलेला असतो. नवा पदार्थ बनवून एक देखणा आलेख काढणारे पुष्कळ आहेत. तोच सेन्सर दहा वेळा बनवून दहाही वेळा सारखा चालतो का, दमट हवेत काय करतो, सहा महिन्यांनी काय करतो, हे चिकाटीनं तपासणारे कमी आहेत. माझ्या मते या क्षेत्रात माणसाची किंमत तिथे ठरते. तुमच्या लेकीला एकच प्रश्न विचारा: तोच प्रयोग चौथ्यांदा करताना तिला कंटाळा येतो, की ‘या वेळी वेगळं का आलं?’ याचं कुतूहल वाटतं? कुतूहल वाटत असेल तर तिला अडवू नका.

आता त्या माहितीपत्रकाबद्दल. ताई, ते बाजूला ठेवा. ‘नॅनो’ नाव असलेली प्रत्येक पदवी वाईट असते असं नाही. पण बी.एस्सी.नंतर लगेच या नावाच्या पदवीत गेलेल्या मुलांना सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि क्वांटम यांत्रिकी, घन-अवस्था भौतिकी, विद्युत-रसायन यांपैकी एकही पक्कं होत नाही. पुढे नोकरीची जाहिरात येते ती भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मटेरिअल सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधरांसाठी; अर्जाच्या रकान्यात बसत नाही म्हणून पात्रतेचे वाद सुरू होतात. प्राध्यापकीतही तोच घोळ. तिनं सरळ एम.एस्सी. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र करावं आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सेन्सरवर घ्यावा. ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिणाऱ्यांना मागच्या तीन तुकड्यांतली मुलं नेमकी कुठे आणि कशावर कामाला लागली, ते लेखी मागा. उत्तर काय येतं ते तुम्हीच पाहा.

आणि इंदूरात राहून तिला जे सहज मिळू शकतं, त्यासाठी इतर शहरांतली मुलं प्रवास करून येतात. आपण ज्याला अजून ‘कॅट’ म्हणतो ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. तिथली इंडस-२ ही २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची वर्तुळाकार यंत्रणा आहे, परीघ १७२ मीटर. तीत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमधून निघणाऱ्या तीव्र क्ष-किरणांनी पदार्थात कोणता अणू कुणाशेजारी बसला आहे ते समजतं. खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सोर्शियम ही संशोधन संस्था आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना मोठी उपकरणं वापरता यावीत म्हणूनच ते उभं केलं. देशभरातून लोक तिथे नमुने घेऊन येतात. विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभागही तिथेच आहे आणि सिमरोलला २००९ पासूनचं आयआयटी. हे सगळं घरापासून तासाभराच्या आत. बाहेर जायचंच झालं तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ डोळ्यासमोर ठेवा. बीकर, हॉटप्लेट अशा साध्या साधनांनी रासायनिक पद्धतीचे पातळ थर बनवण्याची तिथे जुनी परंपरा आहे. पुण्यात सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी संस्था) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत.

परीक्षांचं थोडक्यात. आयआयटीत एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अर्ज साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. अनेक विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा. दोन्ही द्याव्यात आणि त्या त्या वर्षीची सूचना नीट वाचावी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सीएसआयआर-नेट आणि गेट या पुढच्या संशोधनासाठीच्या राष्ट्रीय परीक्षा. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, तिचा अर्ज तर जरूर भरावा; एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत घालवलेल्या दोन महिन्यांनी मन पक्कं होतं किंवा बदलतं. दोन्ही चांगलंच. एम.एस्सी.त असताना बेंगळुरूच्या आयआयएससीत आणि आयआयटी मुंबईत चालणाऱ्या आयएनयूपी या प्रशिक्षण योजनेकडेही लक्ष ठेवावं. बाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथल्या नॅनोफॅब्रिकेशनच्या स्वच्छ कक्षांत प्रत्यक्ष काम शिकवतात.

आता पोटापाण्याचं, लपवाछपवी न करता. हा रस्ता लांबचा आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि पीएच.डी.ची साधारण पाच. पण पीएच.डी.त घरून पैसे द्यावे लागत नाहीत. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. जेआरएफ नसेल तर हा काळ ओढाताणीचा जातो, हे तुमच्या यजमानांनी आधीच गृहीत धरावं. आणि ती पहिल्याच झटक्यात मिळेल असं धरून चालू नका.

‘नॅनो’ची पाटी लावलेल्या नोकऱ्या थोड्या आहेत. या कामातून हाताला जी सवय लागते, तिच्या नोकऱ्या मात्र बऱ्याच आहेत आणि त्या वेगळ्या नावांनी निघतात. एक्सआरडी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विकणाऱ्या कंपन्यांना ती यंत्रं समजावून सांगणारी, नमुने तपासून देणारी माणसं लागतात. बॅटरी, सोलर सेल, रंग, काचेवरचे लेप, ग्लुकोज तपासण्याच्या पट्ट्या, पीथमपूरच्या औषध कारखान्यांतल्या तपासणी प्रयोगशाळा, सगळीकडे पदार्थ ओळखणारा माणूस हवा असतो. गुजरातेत साणंदला आणि धोलेराला सेमीकंडक्टरचे प्रकल्प आले आहेत. निर्वात यंत्रणा, पातळ थर, स्वच्छ कक्ष यांवर हात बसलेल्या भौतिकशास्त्राच्या मुलांना तिथे वाव आहे. पीएच.डी. न करता एम.एस्सी.वर थांबायचं ठरवलं तरी दार बंद होत नाही. अट एकच: तिला तीन-चार यंत्रं स्वतः चालवता आली पाहिजेत. नुसतं ‘सॅम्पल पाठवलं, रिपोर्ट आला’ एवढ्यावर मुलाखतीत निभावत नाही.

यजमानांच्या एमसीएच्या आग्रहाला मी नाही म्हणणार नाही, त्याची जागा बदलेन. आज सेन्सरचा निम्मा प्रश्न संगणकावर सुटतो. एकच सेन्सर अल्कोहोल आणि ॲसिटोन यांत गोंधळतो, पण वेगवेगळ्या पदार्थांचे सहा-आठ सेन्सर एकत्र ठेवले तर प्रत्येक वायूची एकत्रित खूण वेगळी येते आणि ती ओळखायला प्रोग्रॅम लिहावा लागतो. याला इलेक्ट्रॉनिक नाक म्हणतात. तिनं या सुट्टीत पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी, शे-दोनशे रुपयांचं तयार गॅस सेन्सर मोड्यूल आणि एक आर्डुइनो (सेन्सर जोडता येणारा छोटा प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्ड) आणून घरी रिडिंग नोंदवून पाहावं. वडिलांनी शेजारी बसावं. पुढे बेत बदललाच, तर हे कसब त्यांना हव्या असलेल्या नोकरीसाठीही उपयोगी पडेल.

कणांची तुमची काळजी रास्त आहे आणि ती तिच्या मार्गदर्शकानंही करायला हवी. धोका मुख्यतः कोरड्या, उडणाऱ्या भुकटीचा असतो. टायटॅनियम डायॉक्साइडची भुकटी श्वासावाटे गेली तर माणसात कर्करोगाची शक्यता असू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण आहे. म्हणून भुकटी फ्युम हूडमध्येच, म्हणजे हवा बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच, तोलायची, हातमोजे आणि चांगला मास्क घालायचा, सांडलं तर ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडू मारायचा नाही. द्रावणात किंवा काचेवर चिकटलेल्या थरात कण हवेत उडत नाहीत. सेन्सरचं बरंचसं काम असंच असतं. काही प्रयोगशाळांत हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते कातडीतून आत शिरतं आणि दुखायला उशिरा लागतं. प्रशिक्षणाशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम जवळ असल्याशिवाय तिनं त्याला हात लावायचा नाही. प्रयोगशाळा निवडताना फ्युम हूड चालू आहे की त्यात खोकी रचून ठेवली आहेत, हे तिनं पाहून यावं. त्यावरून त्या गटाचं बरंच काही कळतं.

या आठवड्यात तिनं एवढं करावं: विद्यापीठाचा विभाग आणि आयआयटी यांच्या संकेतस्थळांवरून सेन्सर किंवा पातळ थरांवर काम करणारे दोन-तीन प्राध्यापक निवडावेत, प्रत्येकाचा एक शोधनिबंध जमेल तेवढा वाचावा आणि मग छोटी मेल लिहावी. ‘आदरणीय सर, मला नॅनोटेक्नॉलॉजीची आवड आहे’ असं लिहिलेल्या मेल त्यांच्याकडे ढीगभर येतात. ‘तुमच्या निबंधातल्या सेन्सरचा प्रतिसाद आर्द्रता वाढल्यावर कमी का झाला, हे मला समजलं नाही, आठवड्यातून दोन दुपारी येऊन शिकू का?’ अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता खूप जास्त. आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करावी आणि तरीही नाही आलं तर पुढच्या प्राध्यापकांना लिहावं.