एकोणीस, पण ‘आय-एक्स-एक्स’ नव्हे

प्रश्न असा आहे: एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, तर रोमन अंकांत १९ हा ‘आय-एक्स-एक्स’ असा न लिहिता ‘एक्स-आय-एक्स’ असा का लिहितात? आणि लांबलचक आकडा वाचायचा कसा?

फोड अगदी बरोबर आहे: एक + ऊन + वीस, संस्कृतात एकोनविंशति. ‘ऊन’ म्हणजे कमी. ‘पाऊण’मध्ये (पाद + ऊन) तोच आहे. मराठीत ही रीत एकोणनव्वदपर्यंत चालते, नव्याण्णवला मोडते. मात्र आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो. रोमन लेखनात दहं आणि एकं वेगवेगळे मांडतात आणि वजाबाकी ज्या त्या स्थानापुरतीच होते. म्हणून १९ म्हणजे आधी दहा (एक्स), मग नऊ (आय-एक्स).

बोलताना मात्र रोमन लोक आपल्यासारखेच बोलत. लॅटिनमध्ये १९ ला ‘उन्देविगिन्ती’ म्हणजे विसातून एक, आणि १८ ला ‘दुओदेविगिन्ती’ म्हणजे विसातून दोन. बोलण्याची ही सवय कधी कधी लेखनातही उतरे. इ.स. ९ मध्ये जर्मन टोळ्यांविरुद्धच्या ट्यूटोबर्गच्या लढाईत पडलेल्या मार्कुस काएलियुस या सेंच्युरियनच्या (रोमन सैन्याधिकाऱ्याच्या) स्मारकशिळेवर अठराव्या लीजनचा (सैन्यदलाचा) आकडा ‘एक्स-आय-आय-एक्स’ असा कोरला आहे: दहा, आणि पुढे दोन कमी दहा. आजच्या नियमाने तो चूक ठरेल.

आता वाचन. आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आले तर वजा, एरवी बेरीज. वजाबाकीच्या जोड्या सहाच: आय-व्ही ४, आय-एक्स ९, एक्स-एल ४०, एक्स-सी ९०, सी-डी ४००, सी-एम ९००. व्ही, एल, डी कधीच वजा होत नाहीत. जोड्या सहाच असल्यामुळे ४९ हा ‘आय-एल’ नव्हे, एक्स-एल-आय-एक्स. आणि १९९९ हा ‘एम-आय-एम’ नव्हे, एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स.

एम-सी-एम-एक्स-एल-आय-व्ही असे दिसले की आधी या जोड्या हेराव्यात आणि मध्ये उभ्या रेघा माराव्यात: एम | सी-एम | एक्स-एल | आय-व्ही. म्हणजे १००० + ९०० + ४० + ४ = १९४४. घोटाळा बहुधा दुसऱ्या चिन्हावर होतो. मधला सी मागच्या एमला जोडला की ११०० होतात आणि पुढचे सगळे गणित बिघडते. सी कोणाचा, हे त्याच्या उजवीकडे पाहून ठरवायचे.

जुन्या बांधकामांवर नियमाबाहेरची रूपे भेटतात, त्यांना लगेच चूक म्हणू नये. घड्याळांच्या तबकड्यांवर ४ साठी चार आय सर्रास असतात. रोममधल्या कोलोसियमच्या ४४ व्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार आय आहेत; तिथे चाळिसात वजाबाकी आहे, चारात नाही. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी आर्चवर १९१० हे साल एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असे आहे.

राजाच्या नावापुढचा किंवा शतकाचा आकडा मराठीत क्रमवाचकच वाचावा आणि तो नावाआधी घ्यावा: ‘लुई एक्स-आय-व्ही’ म्हणजे चौदावा लुई, ‘हेन्री व्ही-आय-आय-आय’ म्हणजे आठवा हेन्री. ‘लुई चौदा’ हे मराठी नव्हे.